सोसायटीचे सेक्रेटरी झालात? विमा घेताना ही अट आधी वाचा

जुळे सोलापुरातली गृहनिर्माण सोसायटी असो की एखादी विणकर संस्था, कमिटीवर बसणारी माणसं बहुतेक बिनपगारी असतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 88 खाली संस्थेचं नुकसान त्यांच्याकडून वैयक्तिकरीत्या वसूल होऊ शकतं. घरातल्यांनाही याची कल्पना द्या.

यासाठी पदाधिकाऱ्यांचा दायित्व विमा मिळतो. चुकीच्या निर्णयावरून दावा झाला, तर वकिलाचा खर्च आणि भरपाई त्यातून मर्यादेपर्यंत निघते.

मात्र बऱ्याच पॉलिसींत एक अट असते: संस्थेनेच स्वतःच्या पदाधिकाऱ्यावर केलेला दावा बाद. आपल्याकडे तर वसुली बहुधा संस्थेसाठीच होते, आणि तक्रार करणारा सभासद शेजारच्याच ब्लॉकमधला असतो! म्हणून संस्थेचा दावा, सभासदाचा दावा आणि सहकार खात्याच्या निबंधकांची चौकशी, तिन्ही धरलंय का, हे एजंटकडून लेखी घ्या. तोंडी 'हो' वर थांबू नका.

दुसरं, हा विमा सहसा दावा ज्या मुदतीत येतो त्या मुदतीचा असतो, चूक कधी झाली याचा नव्हे. तुमची कमिटी गेली आणि नव्या कमिटीने नूतनीकरण केलं नाही, तर जुन्या निर्णयासाठी तुम्हाला विम्याचं संरक्षण उरत नाही. पद सोडल्यानंतरचं संरक्षण मागा. पगारी मॅनेजर, क्लार्क यांचीही नावं किंवा पदं त्यात हवीत.

अफरातफर सिद्ध झाली तर काहीच मिळत नाही. गच्चीवरून कोणी पडलं, तर त्यासाठी सार्वजनिक दायित्व विमा वेगळा घ्यावा लागतो.