दडपणाखाली हातपाय गळतात? मग या चुका टाळा

बॅडमिंटनचा तिसरा गेम, २०-१९. सर्व्हिस माझ्या विद्यार्थिनीकडे. सामनाभर जे मनगट तिनं विचारही न करता वापरलं, त्याच्याकडे ती आता टक लावून बघत होती. शटल जाळ्यात गेलं, पाठोपाठ पुढचे दोन गुणही. बाहेर आल्यावर म्हणाली, "सर, मी जरा जास्तच जपून केली."

निदान तिनंच केलं होतं. हातात मुरलेली कृती सुटी करून तपासायला गेलं की ती बिघडते. जिना उतरताना आता कुठला पाय टाकायचा याचा विचार करून बघा, अडखळायला होईल. अशा वेळी लक्ष शरीरातून बाहेर काढायचं: शटल पलीकडे नेमकं कुठे पडायला हवं, ती जागा बघायची. मीटिंगमध्ये आवाज थरथरत असेल तर आवाजावर पहारा ठेवू नका. समोरच्याला कुठला मुद्दा पटायला हवा, तिकडे बघा.

दुसरी चूक म्हणजे स्वतःला "शांत हो" असं दटावणं. छाती धडधडते म्हणजे काही बिघडलंय असं नाही, शरीर तयारीला लागलेलं असतं. हार्वर्डच्या एका संशोधिकेनं २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, भाषणाआधी "मला उत्साह वाटतोय" म्हणणारे "मी शांत आहे" म्हणणाऱ्यांपेक्षा सरस ठरले. ऐकायला हे भाबडं वाटतं, मलाही वाटलं होतं. पण धडधड दाबण्यापेक्षा तिला दुसरं नाव देणं खरंच सोपं जातं. श्वास लांबवून सोडल्यानं फायदा होतो, मात्र तेवढ्यानं भागत नाही.

पुढे असतानाची चूक वेगळी. १९९९ची ब्रिटिश ओपन ही गोल्फ स्पर्धा, स्कॉटलंडमधलं कार्नूस्टी. शेवटच्या होलवर फ्रेंच गोल्फपटू ज्याँ व्हान द वेल्ड तीन फटक्यांनी आघाडीवर. चार फटक्यांचं होल, सहा घेतले तरी विजेतेपद त्याचंच. दुसरा फटका प्रेक्षकांच्या स्टँडच्या कठड्यावर आपटून दाट गवतात गेला. पहिल्याच फटक्याला ड्रायव्हर, म्हणजे लांब पण जोखमीचा फटका मारायची काठी, घेतला म्हणून लोक अजून त्याला नावं ठेवतात. मला मात्र तिसरा फटका खटकतो. चार फटके हाताशी होते, चेंडू बाजूला मोकळ्यावर काढता आला असता. त्यानं ओढ्यापलीकडे मारायला बघितलं आणि चेंडू ओढ्यात. मग बूट काढून तो पाण्यात उभा राहिला, ते चित्र सगळ्यांना आठवतं. सात फटके झाले, बरोबरी झाली आणि ती फोडणाऱ्या प्लेऑफमध्ये तो हरला. आता किमान किती पुरे, हा आकडा डोक्यात पक्का नसला की हात जुन्याच झोकात चालत राहतो.

ऑफिसात व्यवस्थापक म्हणून आमची खोड उलटी, स्वस्थ बसवत नाही. पेनल्टी अडवणाऱ्या फुटबॉल गोलकीपरांचंही तसंच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या २८६ पेनल्टींच्या अभ्यासात ते फक्त ६.३ टक्के वेळा मध्ये थांबले होते, खरं तर अडवण्याची शक्यता तिथेच सर्वांत जास्त होती. उडी मारून गोल खाल्ला तर निदान प्रयत्न तरी दिसतो!

मीही अशीच उडी मारली आहे. महिनाअखेरीला पगाराची फाइल सिस्टममध्ये अडकली. मी सात जणांना कॉलवर घेतलं आणि दर पाच मिनिटांनी "काय झालं?" विचारत बसलो. फाइल दुरुस्त करणारा मुलगा एकच, आणि त्याचा अर्धा वेळ मला उत्तरं देण्यात गेला. त्यात "हे कोणी केलं?" असंही विचारून बसलो. त्यानंतर कॉलवर कोणी तोंड उघडेना, आणि नेमकी लागणारी माहिती तासभर उशिरा आली. आता एक जण दुरुस्ती करतो, दुसरा सगळ्यांना कळवतो आणि पुढची खबर किती वाजता मिळेल ते आधीच ठरतं. मधल्या वेळात मी कॉल म्यूट करून टाकतो. कोणी केलं, ते दुसऱ्या दिवशी बघायचं.

हे सगळं माहीत असूनही ऐन वेळी सुचत नसेल तर सरावात दडपणच नसतं, असं समजा. माझ्या विद्यार्थिनीला आता सराव संपताना, दमलेली असताना, सगळ्यांसमोर एकच सर्व्हिस करायला लावतो. चुकली तर पूर्ण गट कोर्टाला एक फेरी मारतो. तिला हे अजिबात आवडत नाही.