पोरं घरात, डबे समोर: दिवसभराचं चरणं कमी कसं करायचं

घरी दीड-दोन वर्षांचं पोर असलं की संध्याकाळी कुणी विचारलं आज काय जेवलीस तर पटकन सांगता येत नाही, कारण जेवण असं झालेलंच नसतं, पण तोंड सकाळपासून चालूच असतं. चहाबरोबर दोन पार्ले-जी, पोराने टाकलेली अर्धी पोळी, येता-जाता मूठभर चिवडा, पातेल्याला लागलेला मऊ भात चमच्याने खरवडून, मग परत चहा. यावर लोक सांगतात की मनावर ताबा ठेव, कंट्रोल कर. मला हे पटत नाही. चरणाऱ्या बाईला (किंवा बाबाला, घरी तो असेल तर) बहुतेक वेळा खरंच भूक लागलेली असते, कारण धड बसून जेवणच झालेलं नसतं. म्हणून कंट्रोल वगैरे नंतर बघू, आधी पोट भरायचं.

सुरुवात सकाळपासून. चहा-खारी हा नाश्ता नाही. नुसते कांदेपोहे खाल्ले तरी अकराच्या आत डबा उघडला जातोच, कारण त्यात प्रथिनं फार नसतात. त्याच पोह्यांत वाफवलेली मोडाची मटकी किंवा मटार टाका, सोबत वाटीभर दही घ्या, फरक जाणवतो. अंडं चालत असेल तर दोन अंडी, त्यात साधारण १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पाच मिनिटांत होतात. नसेल चालत तर भिजवलेल्या मुगाचं पीठ वाटून फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवस आरामात टिकतं, सकाळी दोन धिरडी पोराला आणि तीन आपल्याला. आणि हे पोरांबरोबरच खायचं, "आधी त्यांचं होऊ दे मग मी" असं म्हटलं की ते मग कधी येतच नाही, मध्येच कुणालातरी शी होते.

दुपारचंही तेच. पोराचं वेगळं आणि आपलं वेगळं करत बसलं की दोनदा ओट्याशी उभं राहणं, दोनदा चव बघणं आणि शेवटी आपलं जेवण तीन वाजता. एकच वरण लावा, तिखट घालायच्या आधी पोरांचं काढून घ्या, आपल्या वाटणीच्या वरणावर लसूण-मिरचीची फोडणी. साडेबाराला सगळ्यांची ताटं एकदम. ताटात भाजी, वरण किंवा उसळ, काकडीची कोशिंबीर, पोळी-भात सगळं वाढून घ्यायचं आणि बसायचं. पोरगं चार वेळा उठेल, पाणी सांडेल, तरी आपण आपलं ताट संपवायचं. गार झालं तरी चालेल पण उभ्याने नको, उभ्याने खाल्लेलं डोक्यात नोंदच होत नाही.

आता उष्टं. माझ्या मते सगळ्यात जास्त खाणं इथून जातं आणि ते कुणी मोजत नाही. आपल्याला लहानपणापासून सांगितलंय की अन्न टाकू नये, ते बरोबरच आहे, पण त्यावर उपाय वाढण्यात आहे, संपवण्यात नाही. दीड वर्षाच्या पोराला अख्खी पोळी आणि वाटीभर भात कशाला वाढायचा? पाव पोळी, दोन चमचे भात, एवढंच. मागितलं तर परत वाढा, मुलांना परत मागायला आवडतंही. ताटाला हात लावायच्या आधी जे पातेल्यात आहे ते दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, त्याचा संध्याकाळी फोडणीचा भात होतो. तरीही ताटात जे चिवडलेलं, लाळ लागलेलं उरतं ते सरळ ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीसाठी कंपोस्ट करत असाल तर त्यात. वाईट वाटतं, मान्य. पण पोट भरलेलं असताना ते आपण ढकललं म्हणून वाचलं असं थोडीच आहे. वाईट वाटणं बंद व्हायला हवं असेल तर उद्या अजून कमी वाढायचं.

मुलांच्या खाऊला वेळ हवी, कारण त्यांच्यासाठी जेवढ्या वेळा डबा उघडतो तेवढ्या वेळा आपलाही हात आत जातो. वर्षाच्या पुढच्या मुलांना तीन जेवणं आणि मध्ये दोनदा खाऊ पुरतो, म्हणजे साधारण दोन-तीन तासांनी काहीतरी मिळतंच. आमच्याकडे साडेदहाला फळ आणि चारला खाऊ, मध्ये फक्त पाणी. घड्याळात चारवर एक स्टिकर लावा, "काटा तिथे आला की देते" हे तीन-चार वर्षांच्या मुलाला बरोबर कळतं. पहिले काही दिवस रडारड होणार, कारण मध्येच खाऊ मागणं हे बरेचदा कंटाळ्याचं असतं, बादलीत पाणी आणि दोन वाट्या दिल्या की खाऊ विसरतात. दुधाकडेही बघा, वर्षानंतर दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध जात असेल तर जेवणाची भूक मरते आणि लोहही कमी पडू शकतं, मग पोरगं जेवत नाही, आपण वाटी घेऊन मागे फिरतो आणि ती वाटी शेवटी कुणाच्या पोटात जाते ते सांगायला नको. अंगावर पिणाऱ्या तान्ह्याला मात्र हे घड्याळ लावू नका.

दूध पाजत असाल तर तुमचं गणितही वेगळं. दिवसाला साधारण ५०० कॅलरी जास्त लागतात, त्यामुळे ती भूक खरी असते, तिला दाबायचं नाही. फक्त बिस्किटांनी भागवण्यापेक्षा अळिवाचा लाडू, उकडलेलं अंडं, पेलाभर दूध असं ठरवून खा. आणि रात्रभर जागरण झालं असेल तर दुसऱ्या दिवशी भूक वाढते, गोड खावंसं वाटतं, त्या दिवशी नियमबियम काढून बसू नका.

डब्यांचं म्हणाल तर सोपं आहे. काचेच्या बरणीतला चिवडा ओट्यावर ठेवायचाच नाही, स्टीलच्या डब्यात घालून वरच्या फडताळात. फरसाण किलोने आणू नका, पाव किलो आणा, संपलं की संपलं. जे खायचं ते वाटीत काढून, डबा बंद करून, मग खायचं. शेंगदाणे चांगलेच आहेत पण ३० ग्रॅम म्हणजे जेमतेम मूठभर, त्यात १७० च्या आसपास कॅलरी असतात, डब्यातून खाताना तीन मुठी कधी होतात कळत नाही. आणि अख्खे शेंगदाणे-फुटाणे चार वर्षांच्या आतल्या मुलांच्या हाताला लागू देऊ नका, घशात अडकतात. त्यांना कूट द्या.

दुपारी मुलं झोपली की खरी परीक्षा. घर शांत, हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात डबा. जेवण नीट झालं असेल तर या वेळी भूक नसते, दमलेलो असतो. तेव्हा सरळ आडवं व्हा, भांडी राहू देत. बाकरवडी खायचीच असेल तर चारच्या चहाबरोबर तीन-चार काढून, बशीत, बसून, मजेत खा, मुलं तेव्हा त्यांचा खाऊ खात असतातच.

घरात आजी-आजोबा असतील तर नियम त्यांना ऐकवू नका, काम द्या. "आई, चारचा खाऊ तुम्हीच द्या त्याला, तुमच्या हातून नीट खातो" असं म्हटलं की मधल्या वेळची बिस्किटं आपोआप कमी होतात.

शेवटचं, रात्रीचं डबल जेवण. साडेसातला मुलांना भरवता भरवता आपलं अर्धं जेवण होतं आणि साडेनऊला नवरा आला की त्याला कंपनी म्हणून परत पोळी-भाजी. दोन्हीतलं एक ठरवा. मी मुलांबरोबर जेवते, पूर्ण ताट वाढून, आणि तो जेवताना पेलाभर ताक घेऊन समोर बसते. गप्पा तेवढ्याच होतात. तुमच्याकडे उशिरा जेवायचं ठरत असेल तर संध्याकाळी सहाला काहीतरी भरीव खा, म्हणजे उरलेली उसळ किंवा थालीपीठ-दही, नाहीतर मुलांना भरवताना दर दुसरा घास आपल्या तोंडात जातो.