सर्वेक्षणातले ‘५२ टक्के’ किती पक्के? दहा सेकंदांचा हिशोब

‘५२ टक्के लोक बाजूने’ असं वाचलं की आपण बहुमत धरूनच चालतो. त्याआधी एवढं करा:

१. किती जणांना विचारलं तो आकडा शोधा. समजा ४००. (आकडाच दिला नसेल तर पुढे वाचूच नका.)
२. कॅलक्युलेटरवर त्याचं वर्गमूळ काढा : २०.
३. १०० ला त्याने भागा : ५. आकडा एवढे टक्के इकडेतिकडे होऊ शकतो.

म्हणजे खरा आकडा, साधारण ९५ टक्के खात्रीने, ४७ ते ५७ च्या मध्ये कुठेतरी. बहुमत आहे की नाही, देव जाणे!

स्वतः सर्वेक्षण करणार असाल तर हेच उलटं वापरा. १०० जणांना विचारलंत तर १० टक्के इकडेतिकडे, १,६०० जणांना विचारलंत तर अडीच. फरक निम्मा करायला माणसं चौपट लागतात, त्यामुळे हजाराच्या पुढे खर्चच जास्त वाढतो. लोकसंख्या एक लाख असो की एक कोटी, हिशोब जवळपास तोच. उत्तर १० किंवा ९० टक्क्यांच्या आसपास असेल तर खरा फरक याहून कमीच निघतो.

मात्र माणसं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडलेली हवीत. यूट्यूबवरच्या पोलला दहा हजार मतं पडली तरी हे सूत्र तिथे लावू नका.