लॉग एका जागी आणायचेत? आधी कन्सोल लॉग बंद करा

गिऱ्हाईकाचा फोन आला की एकेका सर्व्हरवर एसएसएचने दुरून शिरून लॉगमधे (ॲप चालताना लिहितं त्या नोंदींमधे) ग्रेपने शब्द शोधत बसायचं, याला कंटाळून बहुतेक टीम्स थेट लोकी (लॉग साठवणारं टूल) आणि ग्राफाना (ते दाखवणारा डॅशबोर्ड) बसवायला घेतात. पण कोडमधे कुणी "इथे आला" लिहिलंय, कुणी नुसतं "एरर!!!", तर तो कचरा फक्त एका जागी गोळा होणार. म्हणून लॉगिंगचे नियम आधी कोडिंग स्टँडर्डमधे घाला, टूल नंतर.

नोडचं ॲप धरून सांगतो. ईएसलिंटचा (कोड तपासणारं लिंट टूल) कन्सोल लॉग पकडणारा नो-कन्सोल रूल एररवर ठेवा अन् सीआयमधे (मर्जआधीच्या आपोआप तपासणीत) लिंट फेल झालं की मर्ज बंद, विकीवरचा नियम कोणी वाचत नाही (पायथनवाल्यांना प्रिंट पकडायला रफ या लिंट टूलचा टी२०१ रूल आहे). कन्सोलच्या जागी पिनो (नोडचं लॉगिंग पॅकेज), ते प्रत्येक ओळ जेसनमधे (फील्डचं नाव आणि किंमत अशा ठराविक रूपात) स्टँडर्ड आउटपुटवर टाकतं. फाइल सांभाळणं ॲपचं काम नाही. वेळ यूटीसीत ठेवा, आयएसटी फक्त दाखवताना. आणि ४०४ ला (पान सापडलं नाही) एरर लेव्हल देऊ नका, एरर म्हणजे कुणीतरी उठून बघायलाच हवं असं काहीतरी.

खरी गंमत रिक्वेस्ट आयडीत, म्हणजे दर रिक्वेस्टला दिलेल्या वेगळ्या ओळखक्रमांकात आहे. एनजिनएक्स (ॲपच्या पुढे बसणारा वेब सर्व्हर) तो आयता बनवून देतं, तो एक्स-रिक्वेस्ट-आयडी हेडरमधून ॲपला पाठवा, मिडलवेअरमधे (दर रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड) नोडच्या असिंकलोकलस्टोरेजमधे ठेवा म्हणजे प्रत्येक फंक्शनला पास करत बसायला नको, पिनोच्या मिक्सिनमधून तो दर ओळीत आपोआप पडतो, आणि पुढच्या सर्व्हिसला कॉल करताना तोच हेडर परत लावायचा. हे शेवटचं हमखास राहतं आणि साखळी नेमकी पेमेंटपाशी तुटते.

पासवर्ड, ओटीपी, ऑथरायझेशन हेडर ही फील्ड्स पिनोच्या रिडॅक्टमधे (किंमत झाकायची सोय) टाका. रिक्वेस्टची अख्खी बॉडी लॉग करायची नाही म्हणजे नाही.

आता लोकी. जुन्या लेखांत एजंट (सर्व्हरवरचे लॉग लोकीकडे पाठवणारा प्रोग्रॅम) म्हणून प्रॉमटेल दिसेल, नवीन सेटअपला अलॉय घ्या. लेबल (ज्यावरून लोकी लॉगचे वेगळे गट, म्हणजे स्ट्रीम, करतं) फक्त सर्व्हिस आणि एन्व्हायर्नमेंट. रिक्वेस्ट आयडीला लेबल केलंत तर प्रत्येक आयडीची वेगळी स्ट्रीम होते आणि लोकी रडायला लागतं, तो जेसनमधेच राहू दे, क्वेरीत जेसन पार्सर लावून शोधता येतो.

सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे भारतात लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. लोकी जुने लॉग आपणहून पुसत नाही, त्याच्या कॉम्पॅक्टर या भागात रिटेन्शन (लॉग किती काळ ठेवायचे ते) चालू करून निदान ४३२० तास टाका आणि डिस्क त्या हिशोबाने घ्या.