रक्षाविसर्जनाला समुद्रावर जाताना वारा आणि ओहोटी बघा

आईची किंवा वडिलांची रक्षा समुद्रात सोडायला गाडीने निघणार असाल, तर आदल्या रात्रीच किनाऱ्याजवळ मुक्काम करा आणि विसर्जन पहाटे ठेवा. दिवसा जमीन तापली की वारा समुद्राकडून येतो आणि राख थेट तोंडावर उडते. पहाटे तो बहुधा उलटा वाहतो, नाहीतर पडलेला असतो. भरती-ओहोटीच्या वेळाही आधी पाहून ठेवा. बहुतेक किनाऱ्यांवर दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. पाणी उतरू लागलं की रक्षा सोडावी, म्हणजे ती परत पायाशी येत नाही. कलश उंच धरून उधळू नका (सिनेमात शोभतं ते). पाण्याला टेकवून हळूहळू रिकामा करा. ओल्या खडकांवर मात्र जाऊ नका. प्रवासात झाकणाला चिकटपट्टी हवीच.