ठोकळे फेकणाऱ्या मुलाकडे कसं बघायचं

कोथरूडला माझं पाळणाघर आहे. नवीन ताई कामाला लागली की पहिल्या दिवशी मी तिच्या हातात २०० पानी वही देते. 'हट्टी', 'आगाऊ' असले शब्द त्यात लिहायचे नाहीत. मुलानं काय केलं, किती वाजता, त्याआधी काय घडलं, नंतर आपण काय केलं, एवढंच. निदान आठवडाभर.

चार वर्षांचा एक मुलगा लाकडी ठोकळे फेकायचा. वहीत बघितलं तर सगळी फेकाफेक साडेपाच ते साडेसहामधली, आणि बहुतेक वेळा आधी दाराची बेल वाजलेली. म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी आई आलेली.

आता ही वही मनातल्या मनात एकेका मानसशास्त्रज्ञापुढे ठेवायची. उत्तर मागायचं नाही, त्यांचा प्रश्न घ्यायचा.

पहिला प्रश्न शरीराचा: झोप, भूक, कानदुखी. आम्ही राजगिऱ्याचा लाडू चारऐवजी सव्वापाचला द्यायला लागलो. थोडा फरक पडला.

मग स्किनर: फेकल्यावर मुलाला मिळतं काय? इथे माझीच चोरी पकडली गेली. कधी मी दुर्लक्ष करायचे, कधी वैतागून त्याला कडेवर घ्यायचे, वर बिस्किट. कधीमधी मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सगळ्यात चिवट, हे स्किनरनं उंदीर-कबुतरांवर दाखवलंय. म्हणून दुर्लक्ष करायचं ठरवलंत तर सुरुवातीला फेकाफेक वाढू शकते, हे धरून चाला. तिथे कच खाल्लीत की संपलं. (ठोकळा कुणाला लागणार असेल तर मात्र सरळ हात धरायचा.) स्टिकरची लालूचही जपून. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी आवडीनं चित्रं काढणाऱ्या मुलांना बक्षीस कबूल करून चित्रं काढायला लावली; नंतर मोकळ्या वेळात ती मुलं चित्रांकडे कमी वळली.

बांडुराचा प्रश्न: कुणाचं बघून? १९६१च्या त्याच्या प्रयोगात मोठ्यांनी फुगवलेल्या बाहुलीला बडवलं, मुलांनी तेच केलं. आमच्याकडे संध्याकाळी आवरताना ठोकळे लांबून टोपलीत भिरकावतं कोण? मीच.

फ्रॉइडवर मी इथे वेळ घालवत नाही. बोल्बीचं मात्र विचारा: आपलं माणूस परत येईल याची मुलाला खात्री आहे का? आणि ब्रॉन्फेनब्रेनरचं: मूल जिथे कधी जातही नाही, तिथलं काय त्याच्यापर्यंत पोचतंय? या मुलाच्या बाबतीत आईचं हिंजवडीचं ऑफिस.

खरी वाट पियाजे आणि व्हिगॉट्स्कीनं दाखवली. दोघंही १८९६ साली जन्मलेले. पियाजेचा प्रश्न, मुलाला हे त्याच्या वयात कळेल का? 'आई अर्ध्या तासात येईल' असं मी रोज सांगायचे. चार वर्षांच्या पोराला अर्धा तास म्हणजे काय कळणार! व्हिगॉट्स्की विचारतो, एकट्याला जमत नाही ते कुणाच्या मदतीनं जमेल? मग मी आणि त्या मुलानं मिळून पुठ्ठ्यावर रस्ता काढला: हिंजवडी, वाकड, बाणेर, चांदणी चौक, आपलं दार. आई निघताना आणि वाटेत थांबली की फोन करते, तो खेळण्यातली गाडी पुढे सरकवतो. पहिला आठवडा गाडी मी सरकवली, मग बोट दाखवलं, आता मी स्वयंपाकघरात असते.

पावसात गाडी वाकडलाच अडकते. त्या दिवशी ठोकळे आधीच कपाटात ठेवा.