स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारांनंतर पूरक उपाय करताना या चुका टाळा

ताईच्या औषधांच्या डब्यात लेट्रोझोलची, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणून रोज घ्यायच्या गोळीची, पट्टी दिसली. हिशेबाने ती संपायला हवी होती, पण तिच्यात चार गोळ्या शिल्लक होत्या. विचारलं तर म्हणाली, “अगं, सकाळी उठले की बोटं वळत नाहीत. गुडघ्यांचं तर विचारूच नकोस. म्हणून अधूनमधून खाडा करते. सांध्यांची ती कॅप्सूल घेतेय ना, तिने बरं वाटतं.” ऑपरेशन, केमो, रेडिएशन हे सगळं तिने निमूट सोसलं होतं. सांधे दुखतात हे मात्र डॉक्टरांना सांगितलं नव्हतं. एवढ्या आजारातून वाचलो, आता गुडघ्यांचं काय रडगाणं गायचं, असं तिला वाटत होतं.

उपचार संपल्यानंतरच्या काळात मी पाहिलेली सगळ्यात मोठी चूक हीच.

मुख्य गोळीला गुपचूप सुट्टी देणं

एकात्मिक उपचार म्हणजे व्यायाम, योग, ध्यान, अ‍ॅक्युपंक्चर, समुपदेशन यांची मुख्य उपचारांना दिलेली जोड. हे मुख्य उपचारांच्या जागी करायचे नसतात. अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून केलेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कर्करोगाचे नेहमीचे उपचार नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यूचा धोका पाचपटींहून जास्त आढळला. लेट्रोझोलसारखी हार्मोनला आवर घालणारी गोळी पाच ते दहा वर्षं चालते आणि आजार परत येऊ नये म्हणूनच असते. ती घेतल्याने आज बरं वाटत नाही, चुकवल्याने आज काही बिघडतही नाही. त्यामुळे खाडा करायला ती सगळ्यात सोपी वाटते.

लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल, एक्झेमेस्टेन या गटाच्या गोळ्यांनी सांधे आखडतात, ही डॉक्टरांच्या रोजच्या ओळखीची तक्रार आहे. त्यांच्याकडे त्यावर मार्ग असतात. कधी थोडे दिवस गोळी थांबवून त्याच गटातली दुसरी देतात, कधी दुखण्यावर वेगळं औषध देतात. ताईची गोळी अशीच बदलली आणि फरक पडला. जोडीला दोन गोष्टींचा चांगला आधार आहे. एक म्हणजे व्यायाम: आठवड्याला 150 मिनिटं चालणं आणि दोनदा ताकदीचे व्यायाम केलेल्या स्त्रियांची सांधेदुखी एका वर्षात स्पष्ट कमी झालेली आढळली. दुसरी अ‍ॅक्युपंक्चर: 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 226 स्त्रियांच्या चाचणीत सहा आठवडे आठवड्यातून दोनदा आणि पुढचे सहा आठवडे एकदा सुया दिल्या. खोट्या सुयांच्या गटापेक्षा खऱ्या सुयांच्या गटाचं दुखणं जास्त उतरलं. फरक मध्यम होता, जादू नव्हती. जायचं असेल तर प्रशिक्षित माणसाकडे जा, सुया एकदाच वापरायच्या असल्याची खात्री करा आणि ऑपरेशनच्या बाजूच्या हाताबद्दल आधीच सांगून ठेवा.

‘नैसर्गिक आहे, त्याने काय होणार?’

या प्रश्नावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण नुकसान इथे चोरपावलांनी येतं.

टॅमॉक्सिफेन ही हार्मोनला आवर घालणारी दुसरी गोळी. ते शरीरात गेल्यावर यकृतातली विकरं (एन्झाइम) त्याचं रूपांतर एन्डॉक्सिफेनमध्ये करतात आणि बरंचसं काम ते करतं. या विकरांच्या कामात ढवळाढवळ करणारी कोणतीही गोष्ट गोळीची ताकद घटवू शकते. उदास मनःस्थितीसाठी विकली जाणारी सेंट जॉन्स वर्ट ही वनौषधी त्यातलीच. नेदरलँड्समधल्या एका छोट्या अभ्यासात हळदीतलं कर्क्युमिन, विशेषतः मिरीतल्या पिपरिनसोबत घेतल्यावर, एन्डॉक्सिफेनचं रक्तातलं प्रमाण खाली आलं. जेवणातल्या हळदीची ही गोष्ट नाही, कॅप्सूलमधल्या भरघोस मात्रेची आहे. हा नियम डॉक्टरी औषधांनाही लागू आहे. पॅरोक्सेटीन आणि फ्लुओक्सेटीन ही नैराश्यावरची औषधं त्याच विकराला रोखतात. म्हणून मनाचं औषध लिहून देणाऱ्या डॉक्टरांना टॅमॉक्सिफेनबद्दल सांगायलाच हवं.

केमोनंतर केस लवकर यावेत म्हणून बायोटिनच्या गोळ्या हमखास घेतल्या जातात. जास्त मात्रेतलं बायोटिन रक्ताच्या काही तपासण्यांचे आकडेच चुकवतं. थायरॉइड आणि इतर हार्मोन्सच्या चाचण्या त्यात येतात. खरा आजार लपतो किंवा नसलेला दिसतो. रक्त द्यायला जाताना ते घेत असल्याचं सांगा आणि किती दिवस आधी थांबवायचं ते विचारा.

केमोनंतर हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा राहतो. ताईला कुर्त्याचं मधलं बटण लावायला दोन्ही हात लागायचे आणि तरी ते सुटायचं. अशा वेळी नसांसाठी म्हणून अ‍ॅसेटिल-एल-कार्निटीन सुचवलं जातं. टॅक्सेन गटाच्या केमोने होणारा हा त्रास टळावा म्हणून ते दिलेल्या मोठ्या चाचणीत उलट जास्त त्रास झाला, आणि आता ते त्यासाठी घेऊ नये असंच सांगितलं जातं. दुखऱ्या मुंग्यांसाठी डॉक्टर ड्युलॉक्सेटीन या औषधाचा विचार करतात.

सोयाबद्दल फार भीती पसरली आहे. आहारात मध्यम प्रमाणात सोया असेल तर घाबरायचं कारण नाही. त्यातल्या आयसोफ्लेव्होनच्या एकवटलेल्या गोळ्या मात्र घेऊ नयेत.

फॉलोअपला जाताना घरातल्या सगळ्या बाटल्या, पुड्या, डबे एका पिशवीत भरून न्या. नावं तोंडी सांगायला गेलं की निम्मी राहून जातात. आम्ही टेबलावर मांडून मोजल्या तेव्हा ताईच्या सात निघाल्या. त्यांतल्या दोहोंत तोच घटक वेगळ्या नावाने होता.

थकवा आला म्हणून पडून राहणं

उपचारांनंतरचा थकवा झोपून उतरत नाही. पडून राहिलं की स्नायूंची ताकद जाते आणि साध्या कामानेही जास्त दमायला होतं. आधी कारणं तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप, नैराश्य, चालू औषधं. ती मार्गी लागली की हालचालच खरं औषध ठरते. आठवड्यातून तीनदा अर्धा तास, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने चालणं, हे साधारण बारा आठवडे करून पाहा. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी चालते. इथेही नेमकी एक चूक होते: बरं वाटलेल्या दिवशी तुंबलेलं सगळं काम उरकायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणाला खिळायचं. त्यापेक्षा रोज थोडं करावं, चांगल्या दिवशीही मोजूनमापूनच. केमोने हृदयावर परिणाम झाला असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा हाडात आजार असेल, तर व्यायामाचं वेळापत्रक फिजिओथेरपिस्टकडूनच ठरवून घ्या.

हात जपायचा म्हणून अजिबात न वापरणं

काखेतल्या लसिका ग्रंथी (लिम्फ नोड्स) काढल्या किंवा तिथे रेडिएशन झालं तर हातावर सूज येऊ शकते. तिला लिम्फेडेमा म्हणतात. पूर्वी अशा स्त्रियांना जड उचलायला सरसकट मनाई असायची. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सूज असलेल्या 141 स्त्रिया होत्या. देखरेखीखाली, अगदी हलक्या वजनाने सुरू करून हळूहळू वाढवत वर्षभर व्यायाम केलेल्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. हळूहळू आणि देखरेखीखाली या दोन्ही अटी महत्त्वाच्या आहेत.

सूज उतरावी म्हणून हात जोरात रगडून घेणं चुकीचंच. लसिकेचा निचरा करणारा मसाज अगदी हलका, फक्त त्वचा सरकेल इतक्या दाबाचा असतो आणि तो शिकलेल्या थेरपिस्टनेच करायचा असतो. सूज डोळ्यांना दिसण्याआधी अंगठी घट्ट होते, बाही दाटते, हात जड वाटतो. तेव्हाच दाखवा. हात लाल, गरम होऊन ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण तो संसर्ग असू शकतो.

मनाला हुकूम सोडणं

‘सकारात्मक राहा’ हे ताईला सगळ्यांनी सांगितलं. तिला ते ओझं झालं. रडू आलं की आपल्या रडण्यानेच आजार परत येईल अशी भीती वाटायची. रडण्याने कर्करोग परत येत नाही. सजगतेवर (माइंडफुलनेसवर) आधारलेले आठ आठवड्यांचे वर्ग काळजी आणि उदासी कमी करायला खरोखर मदत करतात. पण ध्यानाला बसल्यावर जुन्या आठवणी उसळत असतील तर ते रेटू नका, समुपदेशकाशी बोला. झोप लागत नसेल तर लवकर अंथरुणात शिरून वाट पाहणं बंद करा. निद्रानाशासाठीची बोधनात्मक वर्तन चिकित्सा, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारं समुपदेशन, हा त्यावरचा पहिला उपाय मानला जातो. अंगातून वाफा येण्याचा जाचही या पद्धतीने कमी होतो. योनीच्या कोरडेपणाबद्दल संकोचाने कुणी विचारत नाही. हार्मोन नसलेली मॉइश्चरायझर मिळतात, आणि हार्मोनयुक्त मलम स्वतःहून आणू नका.

सगळं एकदम सुरू करणं

नवा व्यायाम, नवी कॅप्सूल, सुया आणि ध्यान एकाच आठवड्यात सुरू केलं तर कशाने बरं वाटलं आणि कशाने पोट बिघडलं ते कळत नाही. एका वेळी एकच बदल करा. तक्रारीला रोज 0 ते 10 मध्ये गुण द्या. सहा ते बारा आठवड्यांत आकडा हलला नाही तर तो उपाय सोडून द्या, पैसे भरले आहेत म्हणून ओढत बसू नका.

सतत वाढत जाणारं हाडाचं दुखणं, नवी गाठ, न थांबणारा खोकला, दम लागणं, कारणाशिवाय उतरणारं वजन यांवर मात्र घरी उपाय करत बसू नका, पुढच्या तारखेची वाटही पाहू नका.

ताई आता फॉलोअपला जाताना एक कागद लिहून नेते. त्याची पहिली ओळ आम्ही ठरवून ठेवली आहे: “गेल्या महिन्यात गोळी इतक्या वेळा चुकली, आणि का चुकली.”